आकाशातून नव्हे, समुद्रातून आलेला तारा

आम्ही वेवजीच्या बचतगटाकडून बोलतोय. दरवेळी आम्ही हप्ता, परतफेड, पापड, शिलाई असं काहीतरी सांगतो. आज एका खड्याबद्दल सांगणार आहोत. खडा हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, राखाडी रंगाचा आणि पाच टोकांचा. अगदी ताऱ्यासारखा, आणि मधोमध बारीक भोक.

हा खडा आमच्या गटात आला कसा, ते आधी सांगतो. गटातल्या एका मावशींनी दोन हजारांचं कर्ज उचललं. वहीत कारण लिहिलं, ‘नातवाचं औषध’. त्यातले अकराशे गेले बाजारातल्या एका फिरत्या विक्रेत्याकडे. त्याने सांगितलं की हा आकाशातून पडलेला तारा आहे. रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी पोराला पाजायचं, ताप पळून जातो. मावशींनी चार दिवस पाणी पाजलं. पाचव्या दिवशी पोर डोळे उघडेना, तेव्हा आम्ही तिघी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या पूर्ण झाल्या, पोर बरं झालं, आता अंगणात सायकल फिरवतंय.

मावशींना कुणी बोल लावायचा नाही, हे बैठकीत आधीच ठरलं होतं. पोर तापाने फणफणत असताना माणूस काय काय करतो, ते आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? पण मावशी स्वतःच म्हणाल्या, “फसवलं ते फसवलं. पण हा तारा नाही, तर मग आहे काय? दगड असा घडवून कोण ठेवतो?”

प्रश्न बरोबर होता. आम्हाला वाटलं, प्लास्टिक किंवा सिमेंटचा साचा असणार. एकीने लिंबू आणलं. तुम्हीही करून बघा, अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात. खड्याच्या कडेवर दोन थेंब टाकले, तिथेही आले. मग अंगणातला काळा दगड घेतला, त्यावर टाकले, काही झालं नाही. म्हणजे खडा टरफलाच्या जातीचा, शिंपल्याच्या जातीचा, चुनखडीचा. आमच्या गटाच्या पोरीपैकी एक शिकायला शहरात आहे. तिच्या ओळखीने भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवला. त्यांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं, “हा समुद्र-लिलीच्या दांड्याचा तुकडा आहे. जीवाश्म. कोट्यवधी वर्षं जुना.” त्यानंतर आम्ही त्यांना इतके फोन केले की आता त्या आमचा नंबर दिसला की आधी हसतात.

तर समुद्र-लिली म्हणजे काय? पावसाळ्यात अंगणात लिली फुलते, लांब देठ आणि वर फूल, तसं हे दिसतं म्हणून नाव पडलं. पण हे झाड नाही, प्राणी आहे. याला तोंड आहे, आतडं आहे. तारामासा, समुद्रातला काटेरी गोळा, हे याचे भाऊबंद. या सगळ्या घराण्यात पाचाचा हिशेब चालतो, जशी आपल्या गटाची पंचसूत्री. खाली लांब दांडा, वर वाटीसारखं अंग, आणि वाटीच्या कडेने पिसांसारखे हात. पाण्याच्या प्रवाहात हात पसरून तो बारीकसारीक कण पकडतो आणि तोंडाकडे सरकवतो. दांडा म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या, गळसरीतल्या मण्यांसारख्या. मधल्या भोकातून जिवंत तंतू जातो. प्राणी मेला की काही दिवसांतच चकत्यांना धरून ठेवणारे धागे कुजतात आणि माळ तुटते. म्हणून अख्खी समुद्र-लिली दगडात क्वचितच सापडते, मणी मात्र ढिगाने सापडतात. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावर लोक असे गोल मणी किनाऱ्यावरून वेचून जपमाळेत ओवायचे, एका संताच्या नावाने. माणसाला दगडात भोक दिसलं की तो दोरा शोधतो, हे सगळीकडे सारखंच.

आपल्याकडे शाळिग्राम आहेच की. तुळशीच्या लग्नात ठेवतात तो. नेपाळात गंडकी नदीत मिळणारा काळा गोटा, त्यात चक्राचा ठसा असतो. तोही समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म आहे. शाळिग्राम पूजावा की नाही हा आमचा विषय नाही. पण शाळिग्राम ताप उतरवतो असं सांगून कुणी अकराशे घेतले, तर तो आमचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, असे तारे आपल्या वेवजीच्या टेकडीत मिळतील का? नाही मिळणार. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर वाहिला. महालक्ष्मीचा डोंगर बघा, सह्याद्री बघा, सगळं त्यातलंच. लाव्हात समुद्राचा प्राणी कुठून येणार? आकाशातून दगड पडतच नाहीत असंही नाही. बुलढाण्याचं लोणार सरोवर अशाच एका दगडाच्या आदळण्याने झालं. पण आकाशातला दगड पाच टोकांचा आणि भोक पाडलेला नसतो. विक्रेत्याने खडा कुठून आणला ते त्याने सांगितलं नाही. आपल्या जवळपासचं ठिकाण म्हणाल तर गुजरातेत कच्छ. तिथल्या जुन्या समुद्री खडकांत असे ताऱ्यासारखे तुकडे सापडतात.

आता गोष्ट मागे नेतो, खूप मागे. कोटी कोटी म्हटलं की डोकं चालत नाही, म्हणून आम्ही बैठकीत एक माळ केली. एक मणी म्हणजे एक कोटी वर्षं. फासक्याजवळ आजचा दिवस. सगळ्यात जुन्या समुद्र-लिली सापडतात ४८ व्या मण्याच्या आसपास. आपला काळा दगड सहाव्या आणि सातव्या मण्याच्या मध्ये. आणि माणूस? सुमारे तीन लाख वर्षांचा. एका मण्याचे तेहेतीस तुकडे केले तर त्यातला शेवटचा तुकडा. मावशी म्हणाल्या, “म्हणजे आपण अजून फासक्यातच आहोत.”

चाळिसाव्या मण्यापासून तिसाव्या मण्यापर्यंत या प्राण्यांची चंगळ होती. उथळ, कोमट समुद्रात त्यांची राने होती, आणि त्यांच्या मण्यांच्या ढिगांतून काही देशांत चुनखडीचे जाडच्या जाड थर तयार झाले. मग २५ वा मणी आला. नीट सांगायचं तर २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. सायबेरियात लाव्हा फुटला. आपल्याकडच्यासारखाच भेगांतून वाहणारा, पण त्याहून मोठा आणि खूप आधीचा. वायूंनी हवा तापली, समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू घटला, पाणी आंबट झालं. लिंबू आणि टरफलाचा खेळ आठवा. समुद्रातल्या दहांपैकी आठ-नऊ जाती संपल्या. समुद्र-लिलींची जुनी घराणी जवळजवळ सगळी गेली. एखाद्या बारीक धाग्याने थोड्या वाचल्या. आज समुद्रात आहेत त्या सगळ्या त्या उरलेल्यांच्या वंशातल्या.

आमच्या ताऱ्याचं घराणं इथून सुरू होतं. त्या मोठ्या मरणानंतरच्या खडकांत होलोक्रायनस नावाची एक छोटी समुद्र-लिली सापडते, युरोपात आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातही. तिचा दांडा पाच कोनांचा, ताऱ्याच्या वळणाचा. आणि त्या दांड्यात एक युक्ती होती. ठरावीक ठिकाणी तो सहज तुटायचा. पाल शेपूट टाकून पळते ना, तसं. जुन्या समुद्र-लिली एकदा चिकटल्या की जन्मभर तिथेच. हिला मात्र तळ सोडता यायचा, दांड्याच्या बाजूच्या बारीक आकड्यांनी दुसरीकडे धरून बसता यायचं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, “माहेर-सासर दोन्हीकडे भागवून घेणारी.” बाई म्हणाल्या, असं पुस्तकात लिहीत नाहीत, पण चालेल.

पण जगभर पसरल्या कशा? हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला. समुद्र-लिलीचं पिल्लू पिंपाच्या आकाराचं, डोळ्याला दिसेल न दिसेल इतकं. काही दिवस पाण्यात पोहतं, मग कुठेतरी टेकतं आणि चिकटतं. तेवढ्या दिवसांत महासागर ओलांडता येत नाही. मग?

पावसाळ्यात झाईच्या किनाऱ्यावर गेलात, तर वाहून आलेली लाकडं बघा. एखाद्या ओंडक्याला देठावर लटकलेल्या पांढऱ्या शिंपल्यांचे झुबके असतात. पोरं ते तोडून खेळतात. हे प्राणी समुद्रात, तरंगत्या लाकडावरच मोठे झालेले असतात. लाकूड जाईल तिकडे ते जातात. समुद्र-लिलींच्या काही घराण्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी हेच केलं. नदीच्या पुराने झाडं समुद्रात यायची. पिल्लू तळाऐवजी ओंडक्याला चिकटायचं आणि दांडा खाली सोडायचं. उलटं लटकलेलं फूल, वर लाकूड, खाली हात पसरलेले. तळाला तेव्हा कित्येक ठिकाणी काळा, कुजका, प्राणवायू नसलेला गाळ होता, तिथे जगणं मुश्कील. वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ मात्र हवा आणि अन्न दोन्ही.

यातलं एक घराणं आपल्या देशात सापडतं. ट्रॉमॅटोक्रायनस. दांडा गोल, म्हणजे आमच्या ताऱ्याचं सख्खं नव्हे, चुलत घराणं. माळेवर २३ व्या-२४ व्या मण्याजवळ. चीनच्या गुइझोऊ प्रांतात काळ्या शिळांमध्ये अख्ख्याच्या अख्ख्या वसाहती मिळाल्या, दगड झालेल्या ओंडक्यांना चिकटलेल्या, कित्येक मीटर लांब दांड्यांच्या. आणि आपल्या उत्तराखंडात, हिमालयाच्या पैनखंडा भागात, चुनखडीचा एक थर आहे, त्यात हिचे तुकडे इतके की भूवैज्ञानिकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या थरालाच तिचं नाव दिलं. हिमालयात समुद्राचा प्राणी कसा, असं वाटेल. तेव्हा हिमालय नव्हता. तिथे टेथिस नावाचा समुद्र होता आणि आपली जमीन त्याच्या दक्षिण काठावर. नंतर आपली जमीन उत्तरेला सरकली, आशियाला धडकली आणि त्या समुद्राचा तळ वर उचलला गेला. गुइझोऊ आणि पैनखंडा एकाच समुद्राचे दोन काठ, आणि मध्ये ओंडक्यांची ये-जा.

ताऱ्याच्या दांड्याच्या घराण्यातही ओंडक्यावर बसणाऱ्या निघाल्या. पेंटाक्रायनाइट्स आणि सायरोक्रायनस. नावं जड आहेत, विसरलात तरी चालेल. सायरोक्रायनसचे अवशेष जर्मनी, इंग्लंड, जपान, सायबेरिया, उत्तर अमेरिका इतक्या ठिकाणी मिळालेत. जर्मनीच्या होल्त्समाडेन गावात हाउफ संग्रहालयात एक शिळा आहे, शंभर चौरस मीटरांहून मोठी. आपल्या समाजमंदिराची जमीनसुद्धा तेवढी भरेल का शंका आहे. तिच्यावर सुमारे बारा मीटर लांबीचा एक ओंडका आणि त्याला लटकलेल्या शेकडो समुद्र-लिली, जशा बुडाल्या तशा. माळेवर १८ वा मणी. या घराण्यातल्या काहींचे दांडे पंधरा-वीस मीटर लांब असत. म्हणजे पाच-सहा मजली घराच्या गच्चीवरून दोरी सोडावी तेवढे.

हे लोकांना सहज पटलं नव्हतं. १८३६ साली इंग्लंडच्या विल्यम बकलंड यांनी लिहिलं की ही समुद्र-लिली तरंगत्या लाकडाला चिकटून जगत असावी. त्यावर पुढे दीडशेहून अधिक वर्षं वाद चालला. काही म्हणायचे, छे, लाकूड तळाला बुडल्यावर त्या तिथे वाढल्या. २०२० साली संशोधकांनी होल्त्समाडेनच्या शिळेवरची एकेक समुद्र-लिली कुठे आहे याचा नकाशा काढला. बऱ्याचशा ओंडक्याच्या एका टोकाला दाटीने होत्या, पाणी कापत जाणाऱ्या लाकडाच्या मागच्या बाजूला राहतील तशा. त्यांनी हिशेबही केला की असा ओंडका दहा वर्षांहून जास्त, कदाचित वीस वर्षं तरंगू शकेल. समुद्र-लिली जन्मून, वाढून, पिल्लं सोडायला एवढा काळ पुरतो.

बकलंड यांच्या हाती हे दगड कुणाकुणाकडून आले, तेही सांगायला हवं. इंग्लंडच्या लाइम रेजिस गावात मेरी ॲनिंग नावाची एक बाई होती, जन्म १७९९. बाप सुतारकाम करायचा, तो १८१० साली वारला, घरावर कर्ज होतं. ही पोर वादळानंतर कोसळलेल्या कड्याखाली जायची, दगडातले प्राणी शोधायची, साफ करायची आणि दुकानात विकायची. समुद्र-लिलीही त्यात असत. मोठमोठे विद्वान तिच्याकडून घ्यायचे आणि तिलाच प्रश्न विचारायचे. लंडनच्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेत मात्र बायकांना सभासद होता येत नव्हतं. ते दार १९१९ साली उघडलं. मेरी १८४७ सालीच गेली होती. तीही दगड विकायची, आणि बाजारातला तो माणूसही दगड विकत होता. फरक एवढाच की ती गिऱ्हाइकाला दगड काय आहे ते खरं सांगायची.

मग ओंडक्यावरचं हे राज्य संपलं कसं? संपलं ते लाकडामुळेच. समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्यांचे प्रकार आले. झाईच्या कोळ्यांना विचारा, होडी वर ओढून तिच्या बुडाला तेल-डांबर का लावतात. पोखरणारा प्राणी आत शिरला की बाहेरून लाकूड धड दिसतं आणि आतून चाळणी झालेली असते. जो ओंडका दहा-वीस वर्षं तरंगायचा, तो लवकर बुडू लागला. वीस मीटर लांब दांडा वाढवायला वेळच मिळेना. बऱ्याच अभ्यासकांचं मत हेच आहे की ओंडक्यावरच्या समुद्र-लिली यामुळे नाहीशा झाल्या. झाईच्या ओंडक्यावर दिसतात ते शिंपल्यासारखे प्राणी लवकर वाढतात, म्हणून त्यांचं भागतं.

ज्यांनी ओंडका धरला नव्हता, तळावरच राहून दांडा तोडायची सवय ठेवली होती, त्या ताऱ्याच्या दांड्याच्या बहिणी मात्र अजून आहेत. खेकडे, मासे, काटेरी गोळे यांचे जबडे जसजसे मजबूत झाले, तसतशा त्या उथळ पाणी सोडून खोल गेल्या. जपानच्या किनाऱ्याजवळ त्या शंभर-दीडशे मीटरवरही मिळतात, बाकी बहुतेक त्याहून खोल. बहामा बेटांजवळ खोल समुद्रात घेतलेल्या चित्रफितीत एक समुद्र-लिली हातांवर सरपटत जाताना दिसते. दांडा मागे ओढत, सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर. मागे काटेरी गोळा लागलाय आणि तिने दांड्याचा शेवटचा तुकडा त्याच्यासाठी टाकून दिलाय. बाईंनी ती चित्रफीत पाठवली. आम्ही मोबाइल भिंतीला टेकवून बारा जणींनी बघितली, दोनदा. फूल चालताना बघून मावशींनी पदर तोंडाला लावला.

आमचा खडा नेमका कुठल्या जातीचा, हे एका तुकड्यावरून ठरत नाही असं बाई म्हणाल्या. पण घराणं हेच. मोठ्या मरणातून वाचलेलं, दांडा तोडून वाट काढणारं. पाच टोकं कुणी घडवली नाहीत. जिवंत असताना दांडा तसाच होता, पाच पाकळ्यांत पाच धाग्यांच्या जुड्या, त्यामुळे तो वाकायचा आणि तुटायचाही. मधलं भोक सुईचं नाही, तिथून तिचा जीव वाहत होता.

राहिला हिशेब. वहीतलं कारण बदलायचं का यावर बैठकीत तासभर वाद झाला. सचिव म्हणाल्या, औषध लिहिलंय आणि खडा घेतला, हे खोटं झालं. दुसऱ्या म्हणाल्या, तिच्या मनात ते औषधच होतं. शेवटी खोडलं काही नाही, खाली एक ओळ वाढवली, ‘यातले ११०० रुपये खडा खरेदी’. आणि ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर कुणाला न विचारता गटातल्या दोघींनी पोराला घेऊन रक्त तपासायला जायचं, भाडं गटातून, असा ठराव लिहिला. त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत, तीन अंगठे आहेत.

खडा हप्ते फिटेपर्यंत आमच्या पेटीत होता, पासबुकांच्या वर, काडेपेटीत कापसावर. बैठकीला येणारी पोरं आधी तो मागायची. परवा मावशींनी शेवटचा हप्ता भरला आणि खडा परत मागितला. दिला. त्यांनी तो नातवाच्या हातात ठेवला. पोराने भोकातून आरपार बघितलं आणि विचारलं, “आजी, याचे बाकीचे मणी कुठे गेले?”